पायातला काळा दोरा

भूपूच्या पायातला काळा दोरा घट्ट झाला, त्या दिवशी भिकुबाईनं गल्लीत गूळ वाटला.

दोरा तिनंच बांधला होता. नातवाच्या अंगावरचा गोवर उतरला, कडुनिंबाच्या पाण्यानं त्याची अंघोळ झाली, दाराला खोचलेल्या निंबाच्या डहाळ्या तिनं गिरणेच्या पाण्यात सोडल्या, आणि घरी येऊन पोराच्या दोन्ही पायांत काळा दोरा बांधला. तेव्हा पाय असे काटकुळे, की दोऱ्यातून तिची दोन बोटं आरपार जात. पोराचं नाव भूपेंद्र. पण एवढं मोठं नाव त्या एवढ्याशा अंगावर ढगळ व्हायचं, म्हणून भूपू.

वय दोन वर्षांचं. गोवरची सुई द्यायच्या वेळी सगळं घर ऊसतोडीला गेलेलं, ती राहून गेली ती गेलीच. त्यात पाठीवर बहीण जन्मली, आणि मेघाच्या, म्हणजे सुनेच्या, पदराखालची जागा भूपूला सोडावी लागली. तो सोडायला तयार नव्हता. भिकुबाईनंच त्याला ओढून काढलं होतं, कडू पाला लावायला सांगून. मग गोवर आला. देवी घरात पाहुणी असली की चुलीवर तेलाचा चर्र आवाज होऊ द्यायचा नाही, ही रीत. फोडणी बंद, तळण बंद, भूपूला भाताचं निवळ पाणी. देवी गेली, तशी हगवण लागली. पोटाला आराम पडावा म्हणून भिकुबाईनं ते निवळही कमी केलं. तिच्या आईनं हेच केलं होतं, आईच्या आईनंही.

आणि आता नवल बघा, पोर भरलं होतं! गाल वर आले होते. पावलं अशी गुबगुबीत, की घोट्याचं हाड शोधून सापडेना. दोरा मासात रुतला होता.

“आजी, तुना नातू ते मस्त भराई गया वं!” शेजारच्या शालिग्रामची बायको दारातून म्हणाली.

“देवीनी कृपा शे माय,” भिकुबाई म्हणाली, आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ती वळल्यावर मात्र मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन भूपूवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळाल्या, पण भूपूला ठसका लागला नाही. तो रडला नाही, हलला नाही, धुराकडे नुसता बघत राहिला.

“कितला गुणी व्हई गया,” भिकुबाई मेघाला म्हणाली. “आते काहीच मांगस नही.”

मग तिनं जुना दोरा दातांनी तोडला आणि नवा, जरा लांब दोरा बांधला. तोडताना तिच्या मनात ओवी आली. तिच्या मनात ओव्या अशाच यायच्या, जात्यावरची सवय. जातं गेलं, सवय राहिली.

चार दिवसांनी उपकेंद्राच्या नर्सबाई धाकटीच्या सुईसाठी घरी आल्या. धाकटीचं झालं आणि त्यांची नजर कोपऱ्यात बसलेल्या भूपूवर गेली. त्याचे केस तांबूस झाले होते, मक्याच्या कणसाच्या मिशीसारखे. नर्सबाई त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. त्याच्या दोन्ही पावलांवर दोन अंगठे ठेवले, थोडा वेळ दाबून धरले, आणि उचलले.

पावलांवर दोन खड्डे राहिले. ओल्या मातीत बकरीचं खूर उमटावं तसे.

भिकुबाई वाट बघत राहिली. खड्डे भरेनात.

“आजी,” नर्सबाई हळू म्हणाल्या, “हे बाळसं नाही. हे पाणी आहे. पोराला आजच जळगावला न्यायला लागेल.”

मेघाच्या कडेला दोन महिन्यांची मुलगी. ललित, भिकुबाईचा मुलगा, सावद्याला केळीच्या गाड्या भरायला गेलेला. मग कोण जाणार? भिकुबाईनं नऊवारीचा काष्टा घट्ट केला, भूपूला छातीशी धरलं आणि ती गाडीत बसली. भडगावपासून जळगावपर्यंत ती त्याच्या पावलांकडे बघत होती. गल्लीत वाटलेला गूळ तिला आठवत होता.

दवाखान्यात अशा पोरांची खोली वेगळी होती. भिंतीवर हत्ती आणि ससे रंगवलेले, आणि ससे हत्तीएवढेच मोठे. तिथली सिस्टर मोनाली नावाची, तरतरीत, बोलायला लागली की हातही बोलायचे. तिनं भूपूच्या नाकात बारीक नळी घातली.

“बैलले वेसण घालतस, ते ठाऊक शे,” भिकुबाई कळवळून म्हणाली. “लेकरलेबी घालतस का?”

“अक्का, बैलसारखा तगडा होई, दखजो,” शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

ती गुंताबाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आली होती, चांदीचे गोट हातात आणि मांडीवर मुलगा खाज्या. खाज्या भूपूच्या आधी दहा-बारा दिवस इथे आलेला. आता खाटेच्या गजाला धरून उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातातल्या पिशवीत डोकावायचा.

मोनाली सिस्टर दूध घेऊन आली. पातळ, फिकट, आणि एवढंसंच. नळीतून ते हळूहळू सोडलं. पुन्हा दोन तासांनी तेवढंच.

भिकुबाईला राहवेना. “ताई, इतलासा दूधवर मांजरनं पिल्लूबी जगस नही. दवाखानामा दूधना दुकाय पडना का?”

सिस्टर हसली. मग भूपूचं पांघरूण नीट करत खाटेच्या कडेवर टेकली. “आजी, चूल विझत आलीय, राखेखाली एकच निखारा उरलाय. त्यावर एकदम लाकडांची मोळी टाकाल का?”

“दाबाई जाई तो.”

“मग काय कराल?”

“काडी काडी लावसू. फुकसू.”

“तेच करतोय. ह्याचं काळीज आत्ता निखाऱ्याएवढंच आहे. पोटभर दिलं तर त्यालाच सोसणार नाही.” तिनं भूपूच्या छातीवर दोन बोटं ठेवली. “गोवर म्हणजे लुटारू, आजी. घरातली साठवण लुटतो आणि जाताना दार उघडं टाकून जातो. मग त्या दारातून हगवण येते, खोकला येतो. त्यांना हाकलायचं तर अंगात जोर पाहिजे. जोर यायचा तर खाणं पाहिजे. आणि खायचं तर भूक पाहिजे. ती तर कधीच निघून गेली.”

“भूक?” भिकुबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “भूक कोठे जास?”

“लपून बसते. तिला परत बोलवायला तर ही सगळी खटपट. ती आली, की ह्याचं अर्धं काम झालं.”

दिवसभर भिकुबाई त्या एका वाक्याभोवती फिरत राहिली.

भुकेला ती जन्मभर ओळखत होती. भूक तिच्या दारात रोज आलेली, बोलावल्याशिवाय, दुष्काळात तर मुक्कामालाच. तिनं पोटाला पदर आवळून बांधून भुकेला हाकललं होतं. पाणी पिऊन फसवलं होतं. लहानग्या ललितला खोटंखोटं भांडं ढवळून दाखवत झोपवलं होतं. भूक म्हणजे वैरीण. आणि ही पोरगी सांगते, भूक येत नाही म्हणून लेकरू मरतं! आपण कोणाला हाकलत होतो? जी आत बसून जिवाला हाका मारते, तिलाच?

असं काही तिनं कधी ऐकलं नव्हतं. देवळात पहिल्यांदा गाभाऱ्यात शिरावं आणि अंधारात हळूहळू मूर्ती दिसायला लागावी, तसं ते तिला दिसायला लागलं.

संध्याकाळी भूपूला मांडीवर घेऊन ती हळू गुणगुणली. ओवी आपोआप जुळत गेली,

“भूक मन्ही सई वं, कोठे गयी रुसीसन,
दारमा उभी मी, ताट वाढीसन.”

गुंताबाईनं कान टवकारले. “अक्का, कोणले बलावी ऱ्हायनी?”

“भुकले.”

“बलाव, बलाव. मन्हा खाज्यानी उनी, ती आते जास नही. काल सिस्टरना डबा उघाडी पोळी काढी लिधी त्यानं.”

खाज्यानं आपलं नाव ऐकून दात दाखवले.

पण पुढचे दिवस उलटेच फिरले. भूपू वारंवार ओला होऊ लागला. भिकुबाई फडकी बदलून थकली. आणि जसजशी फडकी ओली होत होती तसतसं पोर आटत होतं. गाल गेले. डोळ्यांखाली खळगे पडले. बरगड्या एकेक करून वर आल्या, उन्हाळ्यात गिरणेच्या पात्रातले खडक वर येतात तशा. रोज सकाळी सिस्टर त्याला काट्यावर ठेवायची, आणि काटा रोज कालच्यापेक्षा खाली. सिस्टरच्या तोंडावर मात्र समाधान. भिकुबाईला त्या समाधानाचाच राग यायला लागला.

मग एका सकाळी, चादर झटकताना, तिच्या हाताला काहीतरी लागलं. काळा दोरा. गाठ शाबूत होती. दोरा पावलावरून आपोआप निसटून पडला होता.

भिकुबाईनं गुंताबाईचा मोबाइल मागितला आणि ललितला फोन लावला.

“ललित, ये रे. पोर सुकाई ऱ्हायना. आठे काडी काडी लावत बसनात, आनि चूल इझी ऱ्हायनी. घर लई चाल आम्हले.”

“लगेच निंघस, माय,” ललित म्हणाला. फोनमधून केळी भरणाऱ्यांचा गलका ऐकू येत होता, मग तो तुटला.

मोनाली सिस्टर आली तेव्हा भिकुबाई गाठोडं बांधत होती.

“आजी? कुठे?”

भिकुबाईनं तळहातावरचा दोरा पुढे केला. “हाऊ दख. घरथून आणना तवय कसा भरेल व्हता. बठ्ठा पोऱ्या वाहीसन गया तुमना दवाखानामा.”

सिस्टर रागावली नाही. तिनं दोरा हातात घेतला, बोटावर गुंडाळला, आणि हलकेच म्हणाली, “पोर नाही वाहिलं, आजी. पाणी वाहिलं. जे तुम्ही आणलंत ना, त्यात भूपू एवढासाच होता, बाकी सूज. आत्ता जो दिसतोय, तो खरा भूपू. आधी खरं पोर उघडं पडतं, मग त्यावर मास चढतं. आणि सूज असताना लोकांना वाटतं पोर भरलं. आनंद करतात. त्या आनंदातच पोर जातं. मग म्हणतात, एवढं गुटगुटीत होतं, कोणाची तरी दृष्ट लागली.”

सिस्टर दुसऱ्या खाटेकडे गेली. भिकुबाई गाठोड्यावर हात ठेवून तशीच उभी.

मगन.

तिच्या आधीचा भाऊ. तिनं त्याला पाहिलं नव्हतं, पण आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की तो समोर रांगायचा. “देवी निंघी गयी, आनि मन्हा मगन असा भरना, असा भरना! पाय ते लोनीना गोया. तोतारामनी मायनी दखा आनि म्हने, कितला गोरागोमटा. आठ दिनमा गया मन्हा मगन.” गोवर, मग हगवण, मग ते भरणं. सगळं तेच, त्याच क्रमानं.

मगन गेल्यावर झालेल्या मुलीला देवानं तरी नेऊ नये, म्हणून आई पदर पसरून दारोदार फिरली. प्रत्येक घरून चिंधी मागितली, त्या चिंध्यांचं अंगडं शिवलं, आणि मुलीला नाव ठेवलं भिकू. भीक मागून आणलेल्या जिवावर मरण कशाला नजर टाकेल! सगळ्या गावाच्या चिंध्या त्या अंगड्यात होत्या. फक्त तोतारामच्या आईचं दार तेवढं आईनं वगळलं. ती बाई मरेपर्यंत त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेली. लहानपणी भिकुबाई स्वतः तिच्या अंगणावरून श्वास रोखून पळायची.

ते पाणी होतं, बाई. नुसतं पाणी.

हिच्या-तिच्या नजरेत शोधलेलं मरण लेकराच्या पावलात साठून बसलं होतं, आणि सगळे त्यालाच बघून गूळ वाटत होते. आईनं वाटला असेल. आपणही वाटला. आणि एका अंगठ्यानं ते दिसतं! साधा अंगठा! तो तर आईच्या हाताला होता, आजीच्या हाताला होता, गावातल्या सगळ्या बायांच्या हाताला होता.

तिनं स्वतःचा अंगठा बघितला. मग वळून तो भूपूच्या पावलावर ठेवला. दाबला. मनातल्या मनात एक ओवी म्हणून होईतो दाबून ठेवला. आणि डोळे मिटूनच उचलला.

उघडून पाहिलं, तर पाऊल सपाट. कातडी सुरकुतलेली, हाडं दिसणारी, पण खड्डा नाही. अंगठ्याखालचं पांढरं पडलेलं बोटभर अंग बघता बघता गुलाबी झालं. आतून रक्त आपल्या जागेवर परत आलं होतं, घरचं माणूस घरात यावं तसं.

दुपारी ललित पोहोचला. अंगावर केळीच्या चिकाचे काळे डाग, हातात मोटारसायकलची किल्ली आणि केळ्यांची फणी. पोराकडे त्यानं पाहिलं आणि तो दारातच थांबला.

“माय... हाऊ मन्हा पोऱ्या शे?”

“तुनाच शे. आते तुना शे.”

“हाडं उरनीत फक्त! चाल, उठ. गाठोडं उचल. मरी ते घर, मायना मांडीवर मरी.”

“मी नही येस,” भिकुबाई म्हणाली.

“तूच बलावं ना माले? गाडी भरानी सोडीसन उनू मी!”

“बलावं. चुकनू रे बापा. मन्ही मायबी अशीच चुकनी.” तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवलं. “अंगठा दे तुना.”

त्याला काही कळेना. पण आईचा आवाज असा होता की त्यानं अंगठा दिला. तिनं तो भूपूच्या पावलावर ठेवला, दाबला, उचलला.

“दख. काही दिसस?”

“काय दिसाले पाहिजे?”

“काहीच नही दिसाले पाहिजे,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

ललित उठला, फणी खाटेवर टाकली, आणि बाहेर जाऊन ओट्यावर पाठ करून बसला. किल्ली बोटात फिरवत. गेला नाही, पण मानलंही नाही. गुंताबाईनं हळूच म्हटलं, “रुसना वाटे. घरमा बठ्ठाच रुसतस का तुमना?”

भिकुबाईला हसू आलं, पण आतून तिचा जीव टांगलेला होता. खड्डा नाही हे खरं. पण पोर अजूनही तसंच, लाकडासारखं पडलेलं. आपण पुन्हा चुकत तर नाही ना? आईसारखं, उलट्या बाजूनं?

चार वाजता सिस्टर दूध घेऊन आली. आज तिनं नळीला हात लावला नाही. “वाटीनं बघू,” म्हणाली, आणि वाटी भिकुबाईच्या हातात दिली. भिकुबाईनं भूपूला मांडीवर बसवलं. वाटीची कड त्याच्या ओठाला लावली. ओठ हलले नाहीत. एक थेंब आत गेला, बाकी हनुवटीवरून ओघळलं.

ती ओवी म्हणायला लागली. आवाज फुटेना, नुसते ओठ. भूक मन्ही सई वं...

भूपूच्या घशाची गाठ हलली. खाली गेली, वर आली. मग त्यानं ओठ पुढे केले. एक घोट. दुसरा. मग त्याचे दोन्ही हात, ते इतके दिवस चादरीवर विसरल्यासारखे पडलेले हात, उठले आणि त्यांनी वाटी पकडली. वाटी रिकामी झाली. तो तिच्या तळाकडे बघत राहिला. वाटी उलटी केली. काही पडलं नाही.

आणि भूपू रडला.

साधं रडणं नव्हतं ते. आधी खरखर, गंजलेल्या कडीसारखी. मग तोंड उघडलं, मान मागे गेली, आणि साऱ्या खोलीला भरून टाकणारा टाहो. एवढ्याशा पिंजऱ्यात एवढा आवाज मावत होता? खाज्या गज सोडून मटकन बसला. भिंतीवरचे ससे थरथरल्यासारखे वाटले.

“उनी!” गुंताबाई टाळी पिटून ओरडली. “अक्का, तुनी सई उनी वं! आनि कितली रागमा उनी!”

ललित दारात धावत आला. “काय झालं? काय केलं त्याला?”

“काही नाही केलं,” मोनाली सिस्टर म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. “भूक लागलीय त्याला.”

ललित पुढे आला, पोराला उचलायला, गप्प करायला. भिकुबाईनं हात आडवा धरला.

“ऱ्हाऊ दे. जरासा आयकू दे.”

ललितनं किल्ली खिशात टाकली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला, चिकाचे डाग पडलेले हात छातीशी जुळवून, जसा तो कधी देवळातही उभा राहिला नसेल. भिकुबाई ऐकत होती. जन्मभर तिनं या रडण्याला घाबरून पाणी ढवळलं होतं. आज ते तिला पहाटेच्या घंटेसारखं वाटलं. आत कोणीतरी आहे, कोणीतरी आहे, असं ते ओरडून सांगत होतं.

सिस्टरनं फणीतून एक केळं सोलून कुस्करलं. “चिमूटभरच, आजी. काडी काडी, आठवतंय ना?”

भिकुबाईनं चिमूट घेतली आणि अंगठ्यानं भूपूच्या तोंडात सारली. रडणं मधेच थांबलं. पोरानं केळं गिळलं, आणि अंगठा सोडला नाही. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि कचकन चावला.

“अय माय!” भिकुबाई ओरडली, आणि हसली, आणि पुन्हा ओरडली.

अंगठा सुटला तेव्हा त्यावर बारीक दातांचे खड्डे उमटले होते, तांदळाच्या दाण्यांएवढे. भिकुबाईनं तो अंगठा उजेडात धरला आणि बघत राहिली. ते खड्डे एवढ्यात भरू नयेत, असं तिला वाटत होतं.